मुखेडच्या फिकट वाट्या

प्लेट मशीनमध्ये सरकवण्याआधी ती एकदा नुसत्या डोळ्यांनी बघायची, ही तनुजाची सवय. शहाण्णव वाट्या, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढी, आणि त्यांत पिवळा रंग. कुठं हळदीच्या दुधासारखा, कुठं पाणी जास्त झालेल्या लिंबाच्या सरबतासारखा. आकडा मशीन नंतर देतंच. पण थायरॉईडच्या टीएसएच चाचणीत रंग जेवढा गडद तेवढं हार्मोन जास्त, एवढं कळायला मशीन लागत नाही. त्या मंगळवारी तिनं प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "परत मुखेड."

तिसऱ्या ओळीतल्या नऊ वाट्या जवळजवळ बिनरंगाच्या होत्या. आजूबाजूला लोहा, देगलूर, नांदेड शहर, सगळे कमीजास्त पिवळे. मधोमध मुखेडच्या नऊ बायका, पाण्यासारख्या.

तिनं दुसरी प्लेट उचलली. ही टी-फोर हार्मोनची, आणि हिचा हिशेब उलटा: रंग फिकट तेवढं हार्मोन जास्त. इथंही मुखेडच्या वाट्या फिकट. म्हणजे टीएसएच तळाला आणि टी-फोर आभाळाला. थायरॉईड ग्रंथी बेफाम चालायला लागली की पुस्तकात अशीच जोडी दिलेली असते. दोन्ही प्लेटा एकमेकींच्या बाजूनं साक्ष देत होत्या. एखाददुसऱ्या बाईचं तसं असतं, मान्य. पण एका तालुक्याच्या गावातून महिनाभर येणाऱ्या बहुतेक बायकांचं?

तनुजा पांचाळ जीवरसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या डॉ. विरूपाक्ष हत्ते यांच्या लॅबमध्ये हार्मोनचा विभाग दोन वर्षं तिच्याकडं होता. लॅबची चौदा कलेक्शन सेंटर होती, गावोगाव. तिथं रक्त घ्यायचं, यंत्रात फिरवून त्यातलं वरचं पिवळसर पाणी म्हणजे सिरम वेगळं करायचं आणि बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं नांदेडला धाडायचं. मुखेडचं सेंटर निजामोद्दीनचं. तनुजानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी अकराच्या ठोक्याला आदल्या दिवशीच्या डब्यासाठी त्याचा फोन यायचा, "मॅडम, डबा पोचला का?" ती म्हणायची, "पोचला, निजामभाई." तो म्हणायचा, "बर्फ टिकला हुता ना?" तिनं हो म्हटलं की फोन बंद. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही.

त्या मंगळवारी अकराच्या आधी दुसराच फोन आला. लातूरहून डॉ. धम्मप्रिया वाघमारे बोलत होत्या. लातुरात हार्मोनच्या विकारांसाठी लोक त्यांच्याकडंच जातात.

"हत्ते सर आहेत का? नसतील तर तू ऐक. माझ्यासमोर मुखेडची पेशंट बसलीय. नाडी अडुसष्ट. हात थरथरत नाहीत, वजन वाढतंय. आणि तुमचा कागद म्हणतो हिचं थायरॉईड उतू चाललंय. कुणावर विश्वास ठेवू, बाईवर का कागदावर?"

"मॅडम, आमचे कंट्रोल सगळे बरोबर आलेत," तनुजा म्हणाली. कंट्रोल म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेले नमुने, मशीन पडताळायला रोज लावलेले.

"कंट्रोल बरोबर असतील. मग नळीत काय होतं ते बघा. या महिन्यात ही तिसरी आहे. चौथी आली तर मी तुमचे रिपोर्ट घेणं बंद करीन."

डॉ. हत्त्यांनी हे ऐकलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. "नळीत काय होतं," ते हळूच म्हणाले. "तनुजा, सहा आठवड्यांचं मुखेड काढ."

तिनं काढलं. आकड्यांचा तक्ता मांडला आणि एकाखाली एक वाचत गेली. शून्य पूर्णांक शून्य दोन. शून्य तीन. शून्य दोन. परत शून्य दोन. माणसं इतकी सारखी नसतात. एकाच माणसाचं सिरम असेल तरच आकडे असे जुळतात. रक्त नीट मिळालं नाही, नळी खराब झाली, बाईला परत बोलवायचा कंटाळा आला, तर दुसऱ्या कुणाचं चांगलं सिरम थोडं थोडं वाटून टाकायचं. असं करणारे लोक या धंद्यात आहेत, हे तिनं ऐकलेलं होतं. तिनं डॉक्टरांना मोबाईलवर नेमक्या शब्दांत लिहून दिलं: "मुखेड सेंटरवर एकाच व्यक्तीचं सिरम अनेक नळ्यांत वाटलं जात असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वाक्य तिला चोख वाटलं. आरोप नव्हता, शक्यता होती.

"न सांगता जाऊन ये," डॉक्टर म्हणाले. "पेशंट बनून बस. बावीस वर्षं सेंटर चालवतोय तो. असंच निघालं तर सेंटर काढून घेतो, दुसऱ्या कुठल्या लॅबनं दारात उभं केलं नाही पाहिजे."

बुधवारी पहाटेच्या एसटीनं ती कंधारमार्गे मुखेडला उतरली. बाजाराचा दिवस. स्टँडच्या मागच्या बोळात, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून निजामोद्दीनचं एका खोलीचं सेंटर. बाकड्यावर सात-आठ बायका, मध्ये टेबल, मागं हिरवा पडदा. पडद्याआड काय, ते दिसत नव्हतं. तनुजानं तेवढ्यासाठी कोपऱ्यातलं स्टूल धरलं. तिथून पडद्याच्या फटीतून आतलं यंत्र आणि नळ्यांचा स्टँड दिसत होता.

निजामोद्दीन पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, नाकावर चष्मा घसरलेला. बायकांशी बोलता बोलता सुई कधी आत गेली ते त्यांना कळत नव्हतं.

"उपाशी हाव ना, अक्का?"

"हाव. काल संध्याकाळपसून काय न्हाई. चहाचा घोट बी न्हाई."

शेजारची बाई तनुजाकडं एकटक बघत होती. साठीची, आणि मार्चच्या त्या उन्हात खांद्यावरून शाल घेतलेली. बाकीच्या तिला कस्तुराबाई म्हणत होत्या.

"कोन्या गावची गं पोरी?"

"लोह्याची."

"मंग लोह्यात सुई न्हाई का?" बाकड्यावरच्या सगळ्या हसल्या. कस्तुराबाई हसली नाही. "मुखेडात कोन हाय तुजं?"

"मावशी."

"कोनची?"

तनुजानं फोन काढून कानाला लावला. ती ज्याला पकडायला आली होती तो राहिला बाजूला, ही बाईच तिला पकडत होती. फोनच्या आडून तिनं पाहिलं, कस्तुराबाईचा हात शालीत गेला. निळ्या झाकणाची छोटी बाटली निघाली, काहीतरी तोंडात पडलं, स्टीलच्या तांब्यातून पाण्याचा एक घोट, बाटली परत शालीत. पुढच्याच मिनिटाला निजामोद्दीननं विचारलं, "उपाशी ना?" आणि कस्तुराबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "एकदम निरंकार, भाऊ."

खोटं बोलते, तनुजानं मनात टिपलं. इथं सगळेच खोटं बोलतात की काय? ती स्वतः मावशी घडवून बसली होती हे तिनं त्यात धरलं नाही.

"बाटलीत काय हाय, मावशी?" तिनं हळूच विचारलं.

"केसाची गोळी हाय. दिवाळीनंतर ताप आला न्हाई का साऱ्या गावाला? तवापसून केस मुठीनं निघून राहिलेत. सिंधुबाई बचत गटातल्या समद्यांना आणून देती. उपाशीपोटी घ्यायची असती." मग तिचे डोळे बारीक झाले. "तुला कशाला पायजे? तुजे तर हाईत चांगले कमरेपत्तर."

तनुजाची पाळी आली.

"नाव?"

"आरती जाधव."

निजामोद्दीननं चष्म्यावरून पाहिलं. क्षणभरच. "वय?"

"चोवीस."

"उपाशी?"

"हो."

"बसा. मूठ आवळा." सुई लागली ते तिलाही कळलं नाही. चिठ्ठीवर लिहायला मात्र त्याला इतरांपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

मग तो सगळ्या नळ्या घेऊन पडद्याआड गेला. फटीतून ती बघत राहिली. यंत्र फिरलं, थांबलं. तो एकेका नळीतून सिरम ओढायचा, दुसऱ्या नळीत सोडायचा आणि दर वेळी ओठ हलवायचा. काय पुटपुटतो हा? तिनं कान दिला. "कस्तुराबाई कस्तुराबाईत... शिवानी शिवानीत..." एक नळी, एक नळी. कुठं वाटणी नाही, कुठं उसनवारी नाही. इतकं नीट, इतकं सावकाश की तिला वाटलं, बघणारं कुणीतरी आहे हे याला कळलंय. म्हणून नीट करतोय. संशय एकदा डोक्यात बसला की चांगलं कामसुद्धा नाटक वाटतं.

दुपारी त्यानं डबा स्टँडवर कंडक्टरकडं दिला. ती त्याच गाडीत मागच्या सीटवर होती. नांदेड येईपर्यंत डबा कंडक्टरच्या पायाशी आणि तिची नजर डब्यावर. झाकण कुणी उघडलं नाही.

लॅबमध्ये पाऊल टाकलं तर सगळे तिच्याकडं बघायला लागले. डॉक्टर हत्ते खुशीत होते. "तुझा तो मेसेज मी सेंटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. चौदाच्या चौदा वाचू देत. धाक बसला पाहिजे."

"सर, मी अजून..."

"मुखेड उद्यापासून बंद. हा शेवटचा डबा."

तिनं फोन उघडला. तिचं चोख वाक्य तिच्या नावासकट, मंगळवारच्या तारखेसकट तिथं होतं. खाली देगलूरवाल्याचे डोळे वटारलेले चेहरे, लोह्याचं "बाप रे", कुणाचं तरी "आम्हाला आधीच शंका होती". निजामोद्दीननं वाचलं होतं. लिहिलं काही नव्हतं.

गुरुवारी तिनं शेवटचा डबा लावला. नऊ बायका आणि दहावी ती स्वतः. रंग चढला. दहावी वाटी छान पिवळी. आणि तिच्याशेजारच्या सात परत पाण्यासारख्या.

"आता बोल," डॉक्टर म्हणाले. "तुझं रक्त त्यानं बदललं नाही, कारण ते तू बघत होतीस."

"मी सगळ्यांचंच बघत होते, सर," तनुजा म्हणाली आणि बोलता बोलता थांबली.

खरंच की. कस्तुराबाईचं रक्त तिच्या डोळ्यांदेखत नळीत गेलं, त्याच नावाच्या नळीत उतरलं, डब्यात बसलं, तिच्यासमोर नांदेडला आलं. वाटणी झाली नव्हती. तरी वाटी फिकट.

मग तिला दुसरं काही सुचलं. सिरमवरून रक्तगट कळतो. गट माहीत असलेल्या पेशींवर दोन थेंब टाकायचे, दहा मिनिटांचं काम. नऊ नळ्या एका माणसाच्या असत्या तर गट एकच आला असता. मंगळवारच्या नळ्या अजून फ्रिजमध्ये होत्या. तिनं टाकून पाहिलं. बी, ओ, ए, बी, एबी, ओ... ही वेगवेगळी माणसं होती. हे मंगळवारीच करता आलं असतं. तिनं एसटी पकडली, खोटं नाव घेतलं, पडद्याच्या फटीत डोळा लावला. फ्रिज उघडला नाही.

अकरा वाजून गेले होते. फोन वाजला नव्हता.

ती प्लेटांपुढं बसून राहिली. टीएसएचच्या वाट्या फिकट, टी-फोरच्या वाट्या फिकट. इतके दिवस ती या दोघींना दोन साक्षीदार समजत होती. पण दोघींनी एकच गोष्ट सांगितली होती: रंग नाही. हार्मोन कमी असो की जास्त, वाटीच्या तळाला काही चिकटलंच नाही तर दोन्हीकडं रंग येणार नाही. मग चिकटू कोण देत नव्हतं?

चाचणीचं किट, म्हणजे प्लेटा आणि रसायनांचा तयार संच, जानेवारीत बदललं होतं. जुन्या किटचा माहितीकागद तिला तोंडपाठ होता. नवा आला तेव्हा पायऱ्या त्याच आहेत एवढं बघून तिनं तो फाईलला लावला होता. आता काढला. आठ पानं, मुंगीसारखी अक्षरं. जुन्या किटमध्ये अँटिबॉडी, म्हणजे हार्मोनला पकडणारं प्रथिन, वाटीच्या तळाला थेट बसवलेली असायची. नव्यात तसं नव्हतं. नव्यात तळाला असा लेप होता जो बायोटिन नावाचं जीवनसत्त्व घट्ट धरून ठेवतो, आणि किटमधल्या अँटिबॉडीला बायोटिनची शेपटी जोडलेली. शेपटी लेपाला चिकटली की अँटिबॉडी तळाशी बसते. सातव्या पानावर लिहिलं होतं: रुग्ण बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास त्याच्या रक्तातलं बायोटिन आधीच जागा अडवतं आणि निष्कर्ष चुकीचे येऊ शकतात. अशा गोळ्या सहसा केस व नखांसाठी घेतल्या जातात.

निळं झाकण. तांब्यातला एक घोट. एकदम निरंकार, भाऊ.

कस्तुराबाई खोटं बोललीच नव्हती. तिनं काही खाल्लं नव्हतं. गोळी म्हणजे काय खाणं आहे? लॅबच्या फॉर्मवर "उपाशी आहे काय?" एवढंच छापलेलं, निजामोद्दीन तेवढंच विचारायचा, बायका तेवढ्याचंच उत्तर द्यायच्या. आणि केस गळतात म्हणून डॉक्टर थायरॉईड बघायला सांगायचे, आणि केस गळतात म्हणूनच त्या गोळी घ्यायच्या. ज्यांनी तपासायला यायचं, नेमक्या त्याच. डबा अगदी निर्मळ येत होता.

जुन्या टीएसएच किटच्या वाट्यांच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या, मुदत महिनाअखेर. तिनं कस्तुराबाई आणि आणखी सहाजणींचं सिरम त्यांवर लावलं. दोन तासांनी प्लेट खिडकीशी धरली. सहा वाट्या रीतसर पिवळ्या. कस्तुराबाईची सर्वांत गडद. मशीन म्हणालं, नऊ पूर्णांक चार; ग्रंथी कमी पडली की टीएसएच असं चढतं. ग्रंथी बेफाम नव्हती, पार थकली होती. म्हणून उन्हात शाल. आणि लॅबचा कागद तिला ग्रंथी दाबायचं औषध घ्यायला लावणार होता.

नळ्या परत ठेवताना स्वतःची नळी तिच्या हाती आली. चिठ्ठीवर वळणदार अक्षर: आरती जाधव, वय चोवीस. खाली आणखी बारीक: नाव सांगितलं तसं.

डॉक्टर हत्त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. लातूरला फोन करून डॉ. वाघमारेंना सांगितलं. सगळे कागद मागं घ्यायचे ठरवलं. माणूस वाईट नव्हता. "निजामला मी खाजगीत कळवतो. सेंटर सुरू कर म्हणतो. झालं."

"ग्रुपवर लिहायला पाहिजे, सर."

"ग्रुपवर कशाला? चौदा जण हसतील. म्हणतील, लॅबलाच कागद वाचता येत नाही."

"मला वाचता आला नाही. आणि सर, आरोप खाजगीत नव्हता."

त्यांनी समोरचे कागद गोळा केले. नको असं म्हणाले नाहीत. तनुजानं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. मुखेडच्या नळ्या बरोबर होत्या. एकाच व्यक्तीच्या नव्हत्या, रक्तगट तपासला. चूक नव्या किटची सूचना न वाचण्याची, ती माझी. खाली नाव. या वेळी "शक्यता" हा शब्द तिनं वापरला नाही.

मग मुखेडला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"बोला, आरतीताई."

"तुम्ही ओळखलं होतं?"

"दोन वर्षं रोज आवाज ऐकतो मी तुमचा. 'आरती' म्हणलात तवाच कळलं. म्हणलं, लॅबच्या मॅडम हाईत, बघायला आल्यात तर बघू द्या. आपल्या पडद्यामागं काय हाय? पण मेसेज तुमी यायच्या आधीच लिवलेला होता. मंग बघायला कशाला आलात?"

तिनं गोळीचं सांगितलं. तो मध्येच म्हणाला, "या अल्लाह, सिंधुबाईच्या गोळ्या! माझी लेक जेबा बी घेते." गोळी तीन दिवस बंद करून सगळ्यांना परत बोलवायला हवं, कस्तुराबाईला सर्वांत आधी, असं तिनं सांगितलं.

"कुठं बोलवू?" आवाज पहिल्यांदाच चढला. "गावात काय झालंय म्हायत हाय का? ग्रुपवरनं गावभर फुटलं, निजामभाई एकीचं रक्त दुसरीला लावतो म्हणून. आज सकाळी बाकड्यावर कोन न्हवतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी बोलवून येतील का त्या? ग्रुप सेंटरवाले वाचतात, मॅडम. कस्तुराबाई न्हाई वाचत."

"मी येते. मी सांगते त्यांना."

तिकडं त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"या," तो म्हणाला. "खऱ्या नावानं या."

सोमवारी ती गेली. बाकड्यावर तिघीच होत्या, त्याही दाराच्या बाजूला सरकून बसलेल्या. कस्तुराबाईला तिच्या सुनेनं ओढत आणलं असावं. बाहेर रस्त्यावर आणखी चारपाच उभ्या, आत यावं की नाही या विचारात. तनुजा स्टुलाकडं गेली नाही. टेबलासमोर उभी राहिली आणि बोलली. नीट जमलं नाही. अँटिबॉडी आणि लेप यांत ती दोनदा अडकली. पण "यांची चूक नव्हती, माझी होती" हे तिनं तीनदा म्हटलं, आणि ते बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं.

कस्तुराबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लोह्याची न्हवं तर तू."

"नांदेडची."

"अन् मावशी?"

"मावशी नाही."

"मला तवाच शक आला हुता," कस्तुराबाई बाकीच्यांना म्हणाली, आणि आपल्यावर कुणी अविश्वास दाखवला होता यापेक्षा आपला अविश्वास खरा निघाला याचंच तिला जास्त समाधान दिसलं. पण हात मात्र तिनं शालीतच ठेवला. "आधी हिचं घ्या, निजामभाई. मंग बघू."

तनुजा खुर्चीत बसली. निजामोद्दीननं पट्टा बांधला. अकरा वाजायला आले होते. त्यानं कोरी चिठ्ठी पुढं ओढली, पेन उघडलं आणि चष्म्यावरून पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही दिसत नव्हता.

"नाव?"

"तनुजा पांचाळ."

त्यानं लिहिलं. या वेळी वेळ लागला नाही.

"सकाळपासून काय घेतलं? चहा, पाणी, गोळी, समदं सांगा."

बाहेर उभ्या असलेल्यांपैकी एकीनं चपला काढल्या आणि आत येऊन बाकड्याच्या टोकाला बसली.